नवा डेस्कटॉप रोज आपोआप बंद पडतो: कारण कसं शोधायचं, आणि सांगलीच्या घरात ते कुठे सापडलं

ताईच्या मुलाचा फोन आला तेव्हा पीसी घरी येऊन अकरा दिवस झाले होते. "मामा, परत बंद पडला. रेंडर जवळजवळ होत आला होता." अकरा दिवसांतली ही नववी वेळ. लाइट गेली नव्हती, डोक्यावर पंखा फिरत होता, मॉनिटरवर 'नो सिग्नल' आलं होतं आणि कॅबिनेट पूर्ण बंद. बटण दाबलं की लगेच सुरू व्हायचा आणि पुढचे सात-आठ तास सुरळीत चालायचा.

नवी वस्तू अशी वागली की घरात सगळ्यांचंच मन खट्टू होतं. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला पीसी. मुलगा ॲनिमेशन शिकतो, ब्लेंडरमध्ये काम करतो, एकेक रेंडर (तयार दृश्यांची अंतिम चित्रं काढण्याचं काम) पाच-सहा तास चालतो. मशिन मध्येच बंद पडलं की ते तास वाया जातात, आणि घरातले म्हणतात, "गेम खेळून खेळून बिघडवलास." पोराची काहीच चूक नव्हती. हे सगळं सविस्तर लिहायचं मुख्य कारण तेच आहे. अशा तक्रारीत बहुतेक वेळा विंडोज पुन्हा टाकलं जातं, मग एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बदलला जातो, मग रॅम. मूळ कारण कोणी शोधतच नाही, म्हणून ते तसंच राहतं.

'बंद पडला' म्हणजे नेमकं काय झालं?

या दोन शब्दांत निदान चार वेगळे प्रकार लपलेले असतात, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

पडद्यावर 'शटिंग डाउन' येऊन पीसी रीतसर बंद होत असेल, तर त्याला कोणत्या तरी प्रोग्रॅमने बंद व्हायला सांगितलं आहे. बहुतेकदा अपडेट. हार्डवेअरला हात लावू नका.

पीसी बंद झाल्यासारखा वाटतो, पण पॉवरचा दिवा लुकलुकतो आणि माउस हलवला किंवा बटण दाबलं की उघडलेल्या सगळ्या खिडक्या जशाच्या तशा दिसतात. तो झोपला होता. स्लीपची वेळ सेटिंगमधून वाढवा, विषय संपला.

निळा पडदा येऊन पीसी पुन्हा सुरू होत असेल (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तो पडदा काळा असतो), तर विंडोजला काहीतरी असह्य झालं आणि त्याने स्वतःहून काम थांबवलं. हा पडदा कधीकधी इतका झटकन जातो की दिसतच नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' या टॅबखाली 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे. तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही खूण काढून टाका. पुढच्या वेळी पडदा तिथेच थांबेल आणि त्यावरचा मजकूर फोनमध्ये टिपता येईल.

आणि चौथा प्रकार म्हणजे खटकन अंधार. पंखे थांबले, दिवे विझले, कसलीही सूचना नाही. इथे विंडोजला काही कळायच्या आत वीज तुटलेली असते. भाच्याचा प्रकार हा होता, आणि नव्या मशिनमध्ये सगळ्यात जास्त छळणाराही हाच, कारण मागे पुरावा जवळपास काही राहत नाही.

जवळपास म्हणतोय, कारण थोडा राहतो.

विंडोजची डायरी

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून उघडा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम'. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' दाबून इव्हेंट आयडीच्या चौकटीत ४१, १०७४, ६००८ हे आकडे स्वल्पविराम देऊन टाका. हजारो ओळींतून कामाच्या तेवढ्या उरतात.

१०७४ म्हणजे कोणीतरी रीतसर बंद केलं. कोणत्या प्रोग्रॅमने, तेही तिथे लिहिलेलं असतं. ६००८ म्हणजे मागच्या वेळी मशिन अनपेक्षितपणे बंद झालं होतं. ४१ हा 'कर्नल-पॉवर' या नावाने येतो आणि लाल रंगात 'क्रिटिकल' असं लिहिलेलं असतं. ते बघून लोक घाबरतात आणि 'कर्नल-पॉवर ४१ वर उपाय' शोधत बसतात. पण ४१ हा रोग नाही. विंडोज सुरू होताना बघतं की मागच्या वेळी आपण नीट बंद झालो नव्हतो, आणि तशी नोंद करून ठेवतं. तुम्ही वॉलवरचं बटण बंद केलंत तरी हीच नोंद होईल.

एक बारकावा इथे फार उपयोगी पडतो. ४१ समोर दिसणारी वेळ ही पुन्हा सुरू झाल्याची असते. बंद कधी पडला ती वेळ ६००८ च्या मजकुरात सापडते. रात्री बंद पडून सकाळी सुरू केला असेल, तर या दोन वेळांत कित्येक तासांचं अंतर असतं, आणि चुकीची वेळ धरली की पुढचा सगळा तर्क चुकतो.

४१ वर दोनदा क्लिक करून 'डिटेल्स' उघडा. तिथे 'बगचेककोड' आहे. तो शून्य असेल तर निळा पडदा नोंदला गेलेला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशिन जागच्या जागी गोठलं. शून्य नसेल तर तो आकडा फार मोलाचा आहे: २९२ म्हणजे प्रोसेसरने स्वतः कळवलेली हार्डवेअरची चूक, २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. त्याच यादीत 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' असतो. तो शून्य नसेल तर पॉवरचं बटण चार सेकंद किंवा जास्त दाबलं गेलं होतं. घरात कोणी दाबलं नसेल तर कॅबिनेटचं बटणच अडकत असेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

भाच्याच्या नऊही नोंदींत दोन्ही आकडे शून्य होते.

माझा पहिला अंदाज चुकला

मी पुण्याहून फोनवर त्याला म्हणालो, "तापत असेल." सगळे हेच म्हणतात. मशिन असं होतं: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सोबत आलेला कूलर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस. त्याला एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाकायला सांगितलं. तासभर रेंडर चालू असताना प्रोसेसर ७८ अंश, ग्राफिक्स कार्ड ७१. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

हे मला आधीच लक्षात यायला हवं होतं. आजचे प्रोसेसर तापले की एकदम जीव सोडत नाहीत. ९० ते १०० अंशांच्या दरम्यान त्यांची मर्यादा असते, तिथे पोचले की वेग कमी करून ते स्वतःला सांभाळतात. वीज तोडण्याची पाळी त्यानंतर, फारच हाताबाहेर गेलं तर येते. म्हणून उष्णतेने बंद पडणारं मशिन आधी मंद होतं, पंखा घोंघावतो, खेळ अडखळतो. सहा तास मजेत चालून एका क्षणात विझणं हे उष्णतेचं लक्षण नाही.

दुकानदाराने फोनवर विंडोज नव्याने टाकायला सांगितलं. भाच्याने आधीच्या नोंदी टिपून घेऊन तेही केलं, एक अख्खा दिवस त्यात गेला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा अंधार.

पीसी यूपीएसवर (लाइट गेली की बॅटरीवर चालवणारा डबा) होता. त्याच्यावर संशय नव्हता असं नाही. पण घरच्यांनी तो तपासला होता. पीसी चालू असताना यूपीएसचा प्लग काढला, तर दहा मिनिटं आरामात चालला. घरातल्या सगळ्यांच्या दृष्टीने यूपीएस निर्दोष सुटला, आणि माझ्याही.

वही

शनिवारी मी सांगलीला गेलो. कॅबिनेट उघडायच्या आधी एक वही घेतली आणि ६००८ मधल्या नऊ वेळा एकाखाली एक लिहिल्या. सोबत प्रत्येक वेळी काय चालू होतं, तेही भाच्याला आठवेल तसं लिहिलं.

सहा नोंदी संध्याकाळी साडेसात ते पावणेआठच्या मधल्या. तीन नोंदी पहाटे सहा ते सव्वासहाच्या, रात्रभर रेंडर लावून ठेवलेल्या दिवसांच्या. नऊही वेळा रेंडर नाही तर गेम चालू होता. नुसता ब्राउझर उघडा असताना एकदाही नाही.

हार्डवेअर बिघडलं असेल तर त्याला घड्याळ कळत नाही. खराब रॅम सकाळी अकराला काय आणि रात्री दोनला काय, सारखीच चुकते. वेळ ठरलेली असेल तर त्या वेळी बाहेर काय घडतं ते शोधायचं. आम्ही दोघं यादीकडे बघत बसलो होतो आणि स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "साडेसातला पाणी येतं की. आणि सकाळी सहाला."

पाणी आलं की वॉचमनकाका खालची मोटार लावतात. टाकी वर, मोटार दीड एचपीची. अशी मोटार चालताना साधारण दहा अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. त्या क्षणी इमारतीतला व्होल्टेज खाली बसतो. ताईला माहीत होतंच: "ट्यूब जरा डिम होते, नेहमीचंच आहे."

त्या संध्याकाळी मी मल्टिमीटर लावून बसलो. ७:३४ ला ट्यूब मंदावली, यूपीएसमध्ये 'टक' असा रिलेचा आवाज आला, मीटरवरचा आकडा २०८ वरून १७० च्या खाली जाऊन परत वर आला. साधा डिजिटल मीटर संथ असतो, खरा तळ त्याहून खालचा असणार. आणि कॅबिनेट विझलं. मॉनिटर चालू, कारण तो थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये होता. यूपीएसचा हिरवा दिवा तसाच.

भाचा कानाला हेडफोन लावून बसायचा. अकरा दिवस तो 'टक' त्याला ऐकूच आला नव्हता.

यूपीएस असूनही? यूपीएसमुळेच

यूपीएसवर '६०० व्हीए' असं ठळक लिहिलेलं असतं. ६०० हा आकडा वॅट समजून लोक घेतात. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, आणि या यूपीएसवर तो ३६० वॅट होता. घरगुती यूपीएसमध्ये व्हीएच्या साधारण साठ टक्के वॅट मिळतात.

आता मशिनची भूक. ग्राफिक्स कार्ड १७० वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात सुमारे ७५, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीस-पन्नास. ब्लेंडरमध्ये त्याने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही रेंडरला जुंपलेले. बेरीज २९० च्या आसपास. एसएमपीएस स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणून भिंतीतून घ्यावे लागतात ३४० च्या आसपास. त्याच यूपीएसवर राउटर आणि स्पीकर. म्हणजे आपण ३६० च्या काठावर उभे आहोत. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी लेबलवरच्या वॅटच्या बरंच वर उडी मारतं. या उड्यांचा त्रास इतका वाढला की २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने त्या कशा सहन करायच्या याचे नियमच घालून दिले गेले. यूपीएसला असा काही नियम नाही.

लाइट व्यवस्थित असताना हा यूपीएस भिंतीतलीच वीज पुढे सोडतो, म्हणून तासन्‌तास काही होत नाही. मोटार लागली, व्होल्टेज बसला, यूपीएसने बॅटरीवर उडी घेतली. त्या उडीला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरतो. हा साठा पूर्ण भाराखाली पंधराएक मिलिसेकंद पुरतो. लगेच बॅटरीकडून भक्कम वीज मिळायला हवी, तर मिळते ती ३६० वॅटच्या इन्व्हर्टरची दमलेली, पायऱ्या-पायऱ्यांची लाट. एसएमपीएस हात टेकतो. भार नाहीसा झाला की यूपीएस पुन्हा खुशाल हिरवा.

आणि आधीची ती तपासणी? प्लग काढला तेव्हा पीसी नुसता डेस्कटॉपवर होता, जेमतेम ६०-७० वॅट घेत होता. तेवढं ओझं कोणताही यूपीएस उचलेल. तपासणी खरी हवी तर भार पूर्ण टाकूनच करावी लागते. सगळ्या फाइल्स सेव्ह करून बंद केल्या, चाचणीचा एक रेंडर लावला, पाच मिनिटांनी यूपीएसचा प्लग काढला. त्याच क्षणी अंधार. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग उलट बाजूने पडताळणी. यूपीएस बाजूला काढला आणि पीसी थेट भिंतीवर लावला. त्या एसएमपीएसच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं होतं, त्यामुळे व्होल्टेजची छोटी घसरण तो स्वतःच पचवतो. (तुमच्या लेबलवर फक्त २०० ते २४० असेल तर हा भरवसा धरू नका.) रविवारी सकाळी सहाला मोटार लागली, ट्यूब मंदावली, रेंडर चालूच. संध्याकाळीही तेच. पुढचा आठवडा पीसी थेट भिंतीवर ठेवला आणि एकदाही बंद पडला नाही. संरक्षणासाठी घेतलेली वस्तूच बंद पाडत होती.

उपाय दोन झाले. ११०० व्हीए या नावाने जे मिळतात, त्यांतला ६६० वॅटचा यूपीएस घेतला. जुना राउटरला लावला, तिथे तो उत्तम चालतो. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा. दीड एचपीच्या मोटारीने व्होल्टेज इतका बसणं मला पटत नव्हतं, म्हणून सोसायटीच्या वायरमनला मीटरच्या खोलीत न्यूट्रलचे जोड बघायला सांगितलं. एका जोडावरचं वेष्टण तापून काळं पडलं होतं. त्याने लाइन बंद करून तो जोड नवा केला. हे काम स्वतः करू नका, आणि टाळूही नका. इमारतीला तीन फेज येत असतील आणि सामाईक न्यूट्रल सुटला, तर काही घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतो. मग पीसीच काय, फ्रिज आणि टीव्हीही जातील.

घरी इन्व्हर्टर असेल तर

बऱ्याच घरांत वेगळा यूपीएस नसतो, पीसी घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो आणि लाइट गेली की बंद पडतो. पंखे-दिवे चालू राहतात म्हणून संशय पीसीवर जातो. कित्येक इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो: 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल'. इकोमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो, पंख्याला कळत नाही, पीसीला कळतं. तो स्विच 'यूपीएस'वर करा. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करून बघा.

विजेची बाजू स्वच्छ निघाली तर

थेट भिंतीवर, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, दुसरी पॉवर केबल लावूनही खटकन अंधार होत असेल, तर कॅबिनेटकडे वळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेली तारीख लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं झालं, तर कशाने झालं ते कधीच कळणार नाही.

मागची काळी केबल एसएमपीएसमध्ये पूर्ण आत गेली आहे का बघा. नवी सॉकेटं घट्ट असतात आणि केबल अर्धी राहते. टेबलाला धक्का लागला की बंद पडतो, ही तक्रार बहुधा इथलीच. आत मदरबोर्डची २४ पिनची, प्रोसेसरची ८ पिनची आणि ग्राफिक्स कार्डची केबल खिट्टी बसेपर्यंत दाबा. प्रोसेसरची केबल वरच्या कोपऱ्यात कूलरच्या आड असते, घाईत जोडताना तीच अर्धवट राहते. मोठ्या कार्डाला दोन सॉकेटं असतील तर एकाच केबलची दोन टोकं वापरण्याऐवजी दोन स्वतंत्र केबल वापरा. आणि एका कंपनीच्या एसएमपीएसची सुटी केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतली तारांची रचना वेगळी असू शकते आणि बोर्ड जळू शकतो.

एसएमपीएस स्वतःच दोषी असण्याची एक खूण आहे. बंद पडल्यावर पुढचं बटण दाबूनही मशिन हलत नाही, मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबल्यावरच सुरू होतं. म्हणजे आतल्या संरक्षणाने वीज तोडली आहे. हे जास्त भाराने होतं किंवा कुठेतरी शॉर्टमुळे. ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं ही सगळ्यात खात्रीची चाचणी. पण एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात.

शॉर्टचं म्हणाल तर नव्या जोडणीत बोर्डाखालचा एखादा पितळी खांब चुकीच्या जागी राहून गेलेला असतो. पुढच्या यूएसबी पोर्टमधल्या वाकलेल्या पिनाही हे करतात. काही बोर्ड त्याची पडद्यावर सूचना देऊन पंधरा सेकंदांत बंद होतात.

पॉवरचं बटण. स्वस्त कॅबिनेटमध्ये ते आत अडकून राहतं आणि बोर्डाला वाटतं की कोणी दाबून धरलं आहे. बोर्डावरून त्याची दोन पिनांची तार काढून टाका, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडून पीसी सुरू करा आणि तसाच दोन दिवस चालवा. त्या पिनांवर अगदी कमी व्होल्टेज असतं, शॉक बसत नाही. बंद पडणं थांबलं तर बोर्ड, एसएमपीएस सगळे निर्दोष. तात्पुरतं 'रीसेट'च्या बटणाची तार तिथे लावली की काम चालतं.

सुरू केल्यापासून दोन-पाच मिनिटांतच दर वेळी बंद पडत असेल, तर मात्र कूलर बघा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरचे चार पाय असतात, त्यातला एखादा बोर्डात टेकलेला दिसतो पण अडकलेला नसतो. वेगळा घेतलेल्या कूलरच्या तळाला पातळ पारदर्शक कागद असतो, तो न काढताच बसवल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या) पडद्यावर नुसतं बसूनही तापमान ९० कडे पळत असेल तर हेच.

काहीच काम नसताना, रात्री नुसता चालू ठेवला की बंद पडतो, असं रायझनच्या मशिनवर होत असेल, तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून तो 'टिपिकल करंट आयडल' करा. प्रोसेसर झोपेत इतकी कमी वीज घेतो की काही एसएमपीएसना ते जमत नाही.

रॅममुळे शांतपणे अंधार क्वचितच होतो, निळे पडदे आणि रीस्टार्ट जास्त. बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवण्याचं सेटिंग) बंद करून दोन दिवस बघा. फरक पडला तर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा. एकही चूक निघाली तरी ती काडी बदलून घ्या. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा जास्त वॅटचा प्रोसेसर असेल तर बोर्डाचा बायोस २०२४ च्या सप्टेंबरनंतरचा आहे याची खात्री करा. जादा व्होल्टेजने ते प्रोसेसर अस्थिर होत होते, त्यावर इंटेलने दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. ज्याला आधीच इजा झाली आहे तो बायोसने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो.

व्हायरसचं नाव नेहमी निघतं. बगचेककोड शून्य आणि खटकन अंधार असेल तर त्यात वेळ घालवू नका.

दुकानात जाताना

"सारखा बंद पडतो" एवढंच सांगितलं तर दुकानात दोन तास चालवून 'ओके' म्हणून परत देतात. त्यांचंही बरोबर असतं, त्यांच्याकडे बंद पडतच नाही. म्हणून वही न्या: तारीख, वेळ, काय चालू होतं, बटणाने लगेच सुरू झाला की मागचा स्विच बंद करावा लागला, बगचेककोड किती. बंद पडतानाचा फोनवरचा व्हिडिओ असेल तर फार उत्तम. कॅबिनेटसोबत घरची पॉवर केबल आणि यूपीएसही न्या आणि त्याच जोडणीवर, पूर्ण भार टाकून चालवायला सांगा.

जोडून घेतलेल्या पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि वेगळ्या कंपनीची असते. जीएसटीचं बिल, त्यावरचे सिरियल नंबर आणि खोके जपून ठेवा. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळतो का, हे घेतानाच बघून घ्या. वॉरंटीत असूनही टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवतानाही तीच वही कामी येते.

भाच्याच्या वहीत त्या शनिवारच्या संध्याकाळची नोंद शेवटची आहे. तिच्याखाली त्याने पाणी यायच्या वेळा लिहून ठेवल्यात, आणि यूपीएसची बॅटरी बसवल्याची तारीख. ती बॅटरी दोन-तीन वर्षांत थकेल, तेव्हा पूर्ण भार टाकून प्लग काढायची तीच चाचणी पुन्हा करायची आहे. दर सहा महिन्यांनी करायचं असं त्याने ठरवलं आहे.